सलाईनमध्ये टिकणारी लाल पेशी युरियाच्या द्रावणात का फुटते?

मधला_बाक
बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. नुकतंच रक्ताचं प्रॅक्टिकल झालं आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

तीन परीक्षानळ्या होत्या. एकीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत ०.९ टक्के मिठाचं पाणी, तिसरीत १.८ टक्के युरिया. प्रत्येकीत रक्ताचा थेंब टाकायचा, नळीमागे छापील कागद धरायचा आणि अक्षरं वाचता येतात का ते बघायचं. पाण्याच्या नळीत द्रावण लाल पण आरपार झालं, अक्षरं स्वच्छ दिसली, म्हणजे पेशी फुटल्या. सलाईनची नळी गढूळच राहिली. इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे. पण युरियाची नळीसुद्धा बघता बघता आरपार झाली!

हिशोब केला तर ०.९ टक्के मीठ आणि १.८ टक्के युरिया, दोन्हींत विरघळलेले कण लिटरला ३०० मिलिऑस्मोलच्या आसपास भरतात. रक्तद्रवातही साधारण तेवढेच. म्हणजे परासरणाच्या नियमाने पेशीत पाणी शिरायलाच नको. सरांना विचारलं तर "विचार करा" म्हणाले. करतोय, पण गाडी अडलीय.

शिवाय लाल पेशी "फुटते" म्हणजे नेमकं काय होतं, आणि शरीरात ती कुठे, कशी फुटते, याबद्दलही कुणी लिहिलं तर वाचायला आवडेल.

पांथस्थ
क्षार जिकडे जास्त, पाणी तिकडे. एवढंच शाळेतलं लक्षात आहे. युरियाच्या उत्तरासाठी इथेच बसून आहे.

वर्गशिक्षिका
छान प्रश्न आहे. युरियाचं उत्तर इतक्यात सांगत नाही, सरांनी विचार करायला सांगितलंय तर थोडा होऊ दे. पण त्याआधी पेशीचा आकार नीट समजून घे, कारण निम्मी गोष्ट तिथेच आहे.

लाल पेशी गोल चेंडू नसते. दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेली चकती असते, व्यास सात-आठ मायक्रॉन. अर्धवट भरलेली पिशवी म्हण. आतला ऐवज सुमारे ९० फेम्टोलिटर (एक फेम्टोलिटर म्हणजे एक घन मायक्रॉन), आणि आवरणाचं क्षेत्रफळ सुमारे १४० चौरस मायक्रॉन. एवढ्या आवरणाचा पूर्ण गोल केला तर त्यात १५० फेम्टोलिटरच्या वर मावेल. म्हणजे आवरण जरुरीपेक्षा बरंच जास्त आहे. त्या जादा आवरणामुळेच ही पेशी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून वाकून, दुमडून पार होते.

पाणी आत शिरू लागलं की चकती आधी फुगून गोल होते. तोवर आवरणावर ताणच येत नाही. गोल झाल्यावर मात्र गत्यंतर नाही, कारण हे आवरण क्षेत्रफळात तीन-चार टक्क्यांपेक्षा जास्त ताणलं जात नाही. त्यापुढे ते फाटतं.

गणितवेडा
वर्गशिक्षिकाताईंचे आकडे घेऊन हिशोब मांडून बघितला.

९० फेम्टोलिटरमध्ये साधारण ६५ पाणी, बाकी मुख्यतः हिमोग्लोबिन. १५५ पर्यंत फुगायला आणखी ६५ पाणी हवं. म्हणजे आतलं पाणी दुप्पट झालं की पेशी पूर्ण गोल. पाणी दुप्पट म्हणजे आतली संहती निम्मी. ती बाहेरच्या द्रावणाशी जुळायची तर बाहेरचं मीठही निम्मं हवं, ०.४५ टक्के. ढोबळ हिशोब आहे, पण यावरून सांगतो की ०.६ ला पेशी फुगतील पण फुटणार नाहीत आणि ०.४५ च्या खाली फुटायला लागतील. लॅबमध्ये काम करणारं कुणी आहे का इथे?

लॅबवाली
@गणितवेडा, मस्तच! कागदावरून थेट आमच्या रॅकपर्यंत पोचलात.

या तपासणीला ऑस्मोटिक फ्रॅजिलिटी म्हणतात. ०.९ पासून खाली उतरत जाणाऱ्या मिठाच्या नळ्यांची ओळ लावायची, प्रत्येकीत सारखंच रक्त घालायचं, थोडा वेळ ठेवून सेंट्रिफ्यूज करायचं. वरचा द्रव पाण्यासारखा स्वच्छ आणि तळाला लाल गोळी म्हणजे पेशी शाबूत. वरचा द्रव गुलाबी म्हणजे काही फुटल्या. सगळंच लाल आणि तळाला गोळीच नाही म्हणजे सगळ्या गेल्या. निरोगी रक्तात फुटायला सुरुवात होते ०.५ ते ०.४५ च्या दरम्यान आणि ०.३ पर्यंत बहुतेक सगळ्या फुटलेल्या असतात.

सगळ्या एकाच नळीत फुटत नाहीत याचं कारण पेशी एकाच वयाच्या नसतात. म्हातारी होता होता पेशी आवरणाचे बारीक तुकडे गमावते, म्हणजे तिची पिशवी आधीच जास्त भरलेली असते. ती आधी फुटते.

चिंतातुर_जंतू
थोडं अवांतर, पण विषय निघालाच आहे. मागे एका लॅबमध्ये रक्त दिलं आणि पोटॅशियम ६.८ आलं. घरात सगळ्यांची पाचावर धारण बसली, रात्रीच दवाखान्यात नेलं. तिथे पुन्हा रक्त घेतलं तर ४.२! डॉक्टर म्हणाले, "पहिलं सॅम्पल हिमोलाइझ झालं होतं, म्हणजे त्यातल्या लाल पेशी फुटल्या होत्या." त्या रिपोर्टवर तसा एक शब्दही नव्हता. असं कसं होतं?

लॅबवाली
@चिंतातुर_जंतू, तुमचा राग अगदी रास्त आहे. सेंट्रिफ्यूजमधून नळी काढल्यावर सीरम पेंढ्याच्या रंगाचं असायला हवं. ते गुलाबी किंवा लाल दिसलं तर पोटॅशियमचा आकडा द्यायचाच नसतो, दुसरं सॅम्पल मागवायचं असतं. निदान शेरा तरी लिहायलाच हवा.

कारण असं की लाल पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या रक्तद्रवापेक्षा वीसपटीहूनही जास्त असतं. थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा उडी मारतो. एलडीएच आणि एएसटी ही पेशीतली विकरंसुद्धा वाढतात. हे तुमच्या शरीरात झालेलं नसतं, सुईपासून नळीपर्यंतच्या प्रवासात झालेलं असतं. फार बारीक सुई, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढणं, रक्त नळीत दाबून पिचकारणं, नळी हलक्या हाताने उलटी-सुलटी करायच्या ऐवजी खळखळून हलवणं, किंवा त्वचेवरचं स्पिरिट वाळायच्या आत सुई टोचणं. नव्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते: स्पिरिट वाळू द्या आणि नळी हलवू नका, उलटा.

गोलपेशी
माझं नाव बघूनच कळलं असेल. मला जन्मजात स्फेरोसायटोसिस आहे, वडिलांकडून आलेला. लॅबवालीताईंनी सांगितलेल्या नळ्यांच्या ओळीत माझं रक्त ०.६५ लाच फुटायला लागलं होतं.

या आजारात पेशीच्या आवरणाला आतून धरून ठेवणारी जाळी कच्ची असते. स्पेक्ट्रिन, अँकिरिन, बँड ३ अशा प्रथिनांपैकी एखादं कमी पडतं. मग आवरणाचे तुकडे गळत राहतात, आतला ऐवज मात्र तेवढाच. चकतीचा हळूहळू चेंडू होतो. खरा त्रास पुढे. प्लीहेत पेशीला एक मायक्रॉनहून अरुंद फटींतून जावं लागतं. चकती दुमडून जाते, चेंडू अडकतो, आणि अडकला की तिथल्या भक्षकपेशी त्याला खाऊन टाकतात. म्हणून लहानपणी मी सतत फिकट आणि डोळे पिवळे. शाळेत मुलं विचारायची, याला दरवर्षी कावीळ कशी होते? पित्ताशयात खडेही झाले, तेही फुटलेल्या पेशींपासून बनणाऱ्या बिलिरुबिन या पिवळ्या रंगद्रव्याचेच.

शेवटी प्लीहा काढली. त्याआधी न्यूमोकोकस वगैरेंच्या लसी घेतल्या, कारण प्लीहा नसली की हे जंतू जिवावर बेततात. आजही ताप आला तर मी अंगावर काढत नाही, लगेच डॉक्टर गाठतो. पेशी अजून गोलच आहेत, पण अडवणारी चाळणी नाही, त्यामुळे हिमोग्लोबिन उत्तम आहे. ज्यांच्या घरी अशी वारंवार कावीळ आणि प्लीहेची वाढ आहे त्यांनी एकदा रक्तविकारतज्ज्ञाला दाखवाच.

दवबिंदू
@गोलपेशी, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार. माझ्या भाच्याची लक्षणं अगदी अशीच आहेत. आजच बहिणीला पाठवते.

लॅबवाली
गोलपेशींच्या बरोब्बर उलटं उदाहरण थॅलेसेमियाचं. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात हिमोग्लोबिन कमी बनतं, पेशी लहान राहते, आणि आतल्या ऐवजाच्या मानाने आवरण जास्त. म्हणजे पिशवी नेहमीपेक्षाही रिकामी. ती सहजासहजी फुटत नाही.

यावर एक अतिशय सोपी चाळणी तपासणी आहे, नेस्ट्रॉफ्ट. ०.३६ टक्के बफर केलेलं सलाईन, त्यात थोडंसं रक्त, साधारण वीस मिनिटं थांबायचं, आणि नळीमागे पांढऱ्या कागदावरची काळी रेघ धरायची. रेघ स्पष्ट दिसली तर पेशी फुटल्या, ठीक. रेघ दिसत नाही किंवा धूसर दिसते तर पेशी टिकून आहेत, मग पुढची, हिमोग्लोबिन ए२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराची तपासणी करायची. लोहाच्या कमतरतेतही रेघ धूसर दिसू शकते, म्हणून एवढ्यावर निदान करायचं नसतं. पण एक नळी आणि एक रेघ यावर लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला वाहक हुडकता येतात, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

निमसंशयी
"फुटते, फुटते" सगळेच म्हणताय, पण फुग्यासारखी चिंधड्या होऊन फुटत नाही हो ती. आवरणाला छिद्र पडतं, त्यातून हिमोग्लोबिन बाहेर निघतं, दाब उतरतो आणि आवरण बऱ्याचदा परत मिटतं. उरते ती रिकामी, फिकट पेशी. तिला शास्त्रज्ञ "घोस्ट" म्हणतात. आवरणातल्या प्रथिनांचा अभ्यास मुख्यतः या भुतांवरच झालाय.

पांथस्थ
आता रात्री हा धागा वाचणार नाही.

ओलावा
मी ऐकलंय की गोड्या पाण्यात बुडालेल्या माणसाच्या लाल पेशी अशाच फुटतात आणि पोटॅशियम वाढून हृदय थांबतं. समुद्रात बुडाला तर उलट, पेशी आक्रसतात. खरं आहे का?

निमसंशयी
@ओलावा, ही कल्पना जुन्या प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आली. त्यात फुप्फुसात भरपूर पाणी भरलं जायचं. प्रत्यक्षात बुडणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात तेवढं पाणी सहसा जातच नाही. रक्त एवढं पातळ होत नाही की मोठ्या प्रमाणावर पेशी फुटाव्यात. माणूस जातो तो ऑक्सिजन न मिळाल्याने. म्हणूनच बाहेर काढल्यावर पोटातलं पाणी काढत बसू नये, ताबडतोब तोंडाने श्वास द्यायला लागावं. पाणी गोडं होतं की खारं यावर वेळ घालवू नये.

रुग्णसेवा
मी नर्स आहे. थेट शिरेतल्या द्रवांबद्दल लिहिते, कारण इथे परासरण पुस्तकात राहत नाही.

निव्वळ स्टराइल वॉटर शिरेतून कधीही द्यायचं नाही. पावडरची औषधं विरघळवायला ते वापरतो, पण मोठ्या प्रमाणात तसंच गेलं तर सुईच्या टोकाशीच पेशी फुटायला लागतात. सुटं हिमोग्लोबिन मूत्रपिंडाला बाधतं, लघवी कोकासारखी गडद होते. प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पूर्वी धुवायला साधं पाणी वापरत, ते उघड्या शिरांतून आत जाऊन हेच व्हायचं. म्हणून पुढे ग्लायसिनसारखी द्रावणं आली.

दुसरं, रक्ताच्या पिशवीच्या नळीत फक्त ०.९ टक्के सलाईन चालतं. ५ टक्के डेक्स्ट्रोज नाही, त्यात पेशींच्या गुठळ्या होतात आणि त्या फुटतातही. रिंगर लॅक्टेटही नाही, कारण त्यातलं कॅल्शियम पिशवीतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटवर मात करतं आणि रक्त गोठतं. हे वर्षानुवर्षं पाठ होतं, पण डेक्स्ट्रोज पेशीला का मानवत नाही हे नीट कुणी सांगितलं नव्हतं. कणांची संख्या तर जवळपास बरोबर आहे ना त्याची?

वर्गशिक्षिका
रुग्णसेवाताई, तुमचा प्रश्न आणि मधला_बाकचा प्रश्न एकाच घरातले आहेत!

ग्लुकोज लाल पेशीत शिरू शकतं, त्यासाठी आवरणात वाहक प्रथिन असतं. बाटलीत ५ टक्के डेक्स्ट्रोज रक्तद्रवाच्या जवळपास आहे, पण नळीत पेशी त्यात बुडाल्या की ग्लुकोज आत जातं, त्यापाठोपाठ पाणी जातं, पेशी फुगते. शरीरात गेल्यावर तर ग्लुकोज वापरलंच जातं आणि मागे पाणी उरतं. मग आता युरियाचा विचार करा बघू.

मधला_बाक
म्हणजे युरियाही आत शिरतो? कण किती आहेत यापेक्षा आत कोण जाऊ शकतं हे महत्त्वाचं?

वर्गशिक्षिका
शाब्बास. आता सविस्तर.

लाल पेशीच्या आवरणात युरियासाठी खास दार आहे, यूटी-बी नावाचं प्रथिन. त्यातून युरिया क्षणार्धात आत-बाहेर करतो आणि दोन्हीकडे सारखा होतो. सारखा झाला की पाणी ओढायच्या बाबतीत तो नसल्यातच जमा. पण पेशीच्या आत हिमोग्लोबिन, पोटॅशियम, फॉस्फेटं आहेतच आणि त्यांना तोलून धरणारं बाहेर काहीच नाही. पेशीच्या दृष्टीने तुझी युरियाची नळी म्हणजे डिस्टिल्ड वॉटरचीच नळी.

मिठाचं वेगळं. सोडियम आवरणातून फारसं आत येत नाही, आणि जे झिरपतं ते सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून बाहेर काढतो. म्हणून मीठ बाहेर राहून तोल सांभाळतं. पेशीत ना केंद्रक ना मायटोकॉन्ड्रिया, ग्लुकोजचं किण्वन करून जी थोडी ऊर्जा मिळते त्यावर ती साधारण १२० दिवस हा पंप चालवते. पंप थांबला तर चांगल्या रक्तद्रवातसुद्धा ती हळूहळू फुगेल.

०.९ हा आकडाही असाच पेशींना विचारून ठरलेला आहे. १८८० च्या दशकात हार्टोग याकोब हॅम्बर्गर या डच शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या संहतीच्या द्रावणांत लाल पेशी टाकून कुठे रंग सुटतो ते तपासलं होतं.

अक्षांश
पण पेशीला युरियासाठी दार हवंच कशाला? फुटण्याचा धोका पत्करून?

निमसंशयी
@अक्षांश, मूत्रपिंडासाठी. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात संहती १२०० मिलिऑस्मोलपर्यंत चढते, त्यातला मोठा वाटा युरियाचा. लाल पेशी तिथून काही सेकंदांत जाऊन परत येते. दार नसतं तर आत जाताना ती आक्रसून कडक झाली असती, बाहेर येताना अंगातला युरिया वेळेत सोडता न आल्याने फुगली असती.

आणखी एक. किड नावाचा रक्तगट याच यूटी-बी प्रथिनावर असतो. १९८२ साली सामोआच्या एका रुग्णाच्या रक्ताने यंत्र गोंधळलं. प्लेटलेट मोजण्याआधी लाल पेशी फोडायला २ मोलर युरिया वापरत, आणि याच्या पेशी फुटेचनात. त्याच्याकडे किड प्रतिजनच (या रक्तगटाची खूण) नव्हता, म्हणजे दारच नव्हतं. असे दुर्मिळ रक्तदाते शोधायला पुढे युरियाचीच चाचणी वापरली गेली. मधला_बाकची तिसरी नळीच ती!

पाण्याचं दारही लाल पेशीतच सापडलं. पीटर अ‍ॅग्रे आर्‌एच प्रथिनांचा अभ्यास करत होते, तेव्हा २८ किलोडाल्टनचं एक अनोळखी प्रथिन सतत आड येत होतं. ते अ‍ॅक्वापोरिन निघालं. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल.

लॅबवाली
आमच्याकडे याच तत्त्वाचा रोजचा उपयोग म्हणजे अमोनियम क्लोराइड. पांढऱ्या पेशी तपासायच्या तर लाल पेशी हटवाव्या लागतात. ०.१५ मोलर अमोनियम क्लोराइडमध्ये कण सलाईनइतकेच, पण अमोनिया आवरणातून आत जातो, बँड ३ च्या वाटेने क्लोराइडही आत येतं, मागोमाग पाणी. लाल पेशी काही मिनिटांत जातात, पांढऱ्या टिकतात.

थेंबभर
मुका मार लागल्यावर काळंनिळं, मग हिरवं, मग पिवळं होतं ते याच फुटलेल्या पेशी ना?

गोलपेशी
हो. हिमोग्लोबिनमधल्या हीमपासून आधी हिरवं बिलिव्हर्डिन आणि त्यापासून पिवळं बिलिरुबिन बनतं. प्लीहेत आणि यकृतात हेच रोज चालू असतं, फक्त दिसत नाही. लोह मात्र जपून परत वापरलं जातं, दिवसाला वीस-पंचवीस मिलिग्रॅम. नव्या पेशींना लागणारं बहुतेक सगळं लोह या जुन्या पेशींतूनच येतं.

गणितवेडा
मग मूळ प्रश्नाला एक जोडप्रश्न. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यातच १.८ टक्के युरिया विरघळवला तर? एकूण कण दुप्पट. मी म्हणतो पेशी ठणठणीत राहील.

पांथस्थ
मी म्हणतो आक्रसेल. ६०० मिलिऑस्मोल आहेत!

मधला_बाक
सरांची परवानगी घेऊन करून बघितलं. शिवाय तिसरी नळी स्वतःच्या डोक्याने वाढवली: ०.९ टक्के मिठात १० टक्के साखर.

मीठ-युरियाची नळी गढूळच, एकही अक्षर दिसलं नाही. सूक्ष्मदर्शीखाली पेशी नेहमीसारख्या, मध्ये फिकट असलेल्या चकत्या. साखरेचीही नळी गढूळ, पण पेशी लहान, गडद आणि कडेने काटेरी. कण दोन्हीकडे जवळपास सारखे. साखर आत जाऊ शकत नाही, ती बाहेर राहून पेशीतलं पाणी ओढत राहिली. युरिया आत जाऊन बसला आणि मिठाने तोल धरला. गणितवेडा, तुमचं बरोबर निघालं.

एकच खटकलं. नुसत्या सलाईनच्या स्लाइडवरही थोड्या वेळाने काही पेशींना काटे आले होते. असं का?

लॅबवाली
ती काचेची करामत. काचेजवळ द्रावण किंचित अल्कधर्मी होतं आणि पेशींना काटे येतात, पाणी न गमावताही. पुढच्या वेळी द्रावणात थोडं अल्ब्युमिन घाल, काटे बरेच कमी होतील. आणि स्लाइड केल्या केल्या बघ. साखरेच्या नळीचा निष्कर्ष तरी चुकत नाही, कारण तिथे पेशी लहानही झाल्यात. काचेचे काटे आणि आक्रसण्याचे काटे वेगळे ओळखायचे असतील तर दोन्ही नळ्यांतलं द्रावण हिमॅटोक्रिटच्या (रक्तात पेशींचा वाटा मोजायच्या) केशनळीत भरून फिरव. साखरेच्या नळीतला पेशींचा थर आखूड निघेल, सलाईनचा नाही.